इशारा ४३, धोका ३९: दोन व्हेरिएबल्सची अदलाबदल नेमकी कुठे फसते

कोल्हापुरातल्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: "पंचगंगेच्या पातळीवर छोटा प्रोग्रॅम लिहितोय. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे दोन आकडे युजर भरतो. कुणी उलटे भरले, म्हणजे इशारा ४३ आणि धोका ३९, तर प्रोग्रॅमने ते सुलटे करायचे. मी 'इशारा = धोका' आणि खाली 'धोका = इशारा' लिहिलं, तर दोन्ही ३९ दाखवतं. तिसरं व्हेरिएबल घेतलं की जमतं, पण सर म्हणतात तिसरं न घेता करून दाखव. आणि तेच फंक्शनमध्ये टाकलं की काहीच बदलत नाही. सी आणि पायथॉन दोन्ही चालू आहे."

तक्रारी तीन दिसत असल्या तरी मूळ एकच आहे. प्रोग्रॅमिंगमधलं '=' म्हणजे गणितातलं 'बरोबर' नव्हे. व्हेरिएबल म्हणजे नाव दिलेली जागा; उजवीकडची किंमत काढायची, तिची प्रत डावीकडच्या जागेत ठेवायची आणि तिथे आधी जे होतं ते पुसायचं, एवढंच ते करतं. गणितात क्ष = य लिहिलं काय आणि य = क्ष लिहिलं काय, अर्थ तोच. इथे या दोन ओळी एकमेकींच्या विरुद्ध दिशेने काम करतात, आणि संगणक त्या एकदम बघत नाही. पहिली पूर्ण संपवतो, मग दुसरीकडे वळतो.

वहीवर ट्रेस करून बघा:

सुरुवातीला: इशारा ४३, धोका ३९
'इशारा = धोका' नंतर: इशारा ३९, धोका ३९
'धोका = इशारा' नंतर: इशारा ३९, धोका ३९

४३ हा आकडा पहिल्याच ओळीला गेला. दुसरी ओळ चालली, पण तिला न्यायला ३९ शिवाय काही उरलंच नव्हतं. ओळींचा क्रम उलटा केलात तर दोन्हीत ४३ येईल, दुखणं तेच राहील. वापरणाऱ्याला मात्र फरक पडतो. दोन्ही ३९ असतील तर प्रोग्रॅम इशाऱ्याच्या पातळीलाच धोक्याची बोंब मारेल, आणि दोन्ही ४३ असतील तर इशारा मिळेपर्यंत धोका दारात आलेला असेल. ना एरर येते, ना प्रोग्रॅम अडकतो. म्हणून ही चूक वाईट.

पुसली जाणारी किंमत आधी कुठेतरी राखून ठेवायची, एवढाच उपाय:

तात्पुरते = इशारा
इशारा = धोका
धोका = तात्पुरते

या ओळी पाठ करू नका, त्यांची साखळी लक्षात ठेवा. एका ओळीत जे नाव उजवीकडे असतं, तेच पुढच्या ओळीत डावीकडे येतं: इशारा उजवीकडे, मग डावीकडे, धोका उजवीकडे, मग डावीकडे, शेवटच्या ओळीत उजवीकडे तेच, जे पहिल्या ओळीत डावीकडे होतं. एखाद्या जागेची प्रत निघाली की मगच ती जागा पुसायला मोकळी होते, त्यातून हा क्रम येतो. परीक्षेत गोंधळ उडाला तर साखळी जुळते का तेवढं बघा.

वर्गात हे बहुतेक वेळा तांबड्या आणि पांढऱ्या रश्शाच्या वाट्यांवरून सांगतात: दोन वाट्यांतला रस्सा बदलायचा तर तिसरी रिकामी वाटी लागते. सुरुवातीला उदाहरण ठीक आहे, पण ते एका ठिकाणी दगा देतं. रस्सा ओतला की पहिली वाटी रिकामी होते. व्हेरिएबल रिकामं होत नाही. 'तात्पुरते = इशारा' झाल्यावर ४३ दोन्हीकडे असतो, आणि तिन्ही ओळी संपल्यावरही 'तात्पुरते'मध्ये ४३ तसाच पडून राहतो. हे कळलं नाही तर पुढे फंक्शनचं गणित डोक्यात बसत नाही.

वरच्या ओळींतली नावं देवनागरीत आहेत, पायथॉन ३ ला ती जशीच्या तशी चालतात. आकडे मात्र कोडमध्ये देवनागरीत लिहिलेत तर सिंटॅक्स एरर येईल. गंमत अशी की युजरने कीबोर्डवरून ४३ देवनागरीत भरला आणि तुम्ही तो 'इंट'ने, म्हणजे पूर्णांकात, बदलून घेतला, तर पायथॉन तो निमूटपणे घेतो. सीमध्ये या भानगडीत न पडता इंग्रजी नावंच वापरा. लॅबमधल्या जुन्या कंपायलरला (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला) देवनागरी नावं झेपणार नाहीत.

आता तिसरं व्हेरिएबल घेऊनही जे बिघडतं ते. सगळ्यात जास्त घोळ 'इफ'चा असतो. सीमध्ये असं लिहिलेलं दिसतं (वाचायला सोपं जावं म्हणून इथे देवनागरीत):

इफ (इशारा > धोका)
    तात्पुरते = इशारा;
    इशारा = धोका;
    धोका = तात्पुरते;

दिसायला छान, पण महिरपी कंस नाहीत. सीला समास, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, दिसत नाही, त्यामुळे 'इफ'च्या ताब्यात फक्त पहिली ओळ येते आणि उरलेल्या दोन कायम चालतात. उलटे आकडे भरून तपासलं तर उत्तर बरोबर येतं, कारण तेव्हा तिन्ही ओळी चालायच्याच असतात. मग कुणीतरी बरोबर क्रमाने भरतो, इशारा ३९ आणि धोका ४३. अट खोटी ठरते, पहिली ओळ वगळली जाते, इशारा ४३ होतो आणि धोक्यात 'तात्पुरते'मधला कचरा येतो: कधी ०, कधी मोठी ऋण संख्या, जे त्या जागेत पडलेलं असेल ते. म्हणजे चुकीच्या इनपुटला प्रोग्रॅम बरोबर आणि बरोबर इनपुटला चूक. तिन्ही ओळी महिरपी कंसात घाला. एकच ओळ असली तरी कंस घालायची सवय लावून घ्या. पायथॉनमध्ये हीच चूक समासातून होते, पण तिथे 'तात्पुरते हे नाव माहीत नाही' असं सांगून प्रोग्रॅम निदान थांबतो. अर्थात त्या नावाला वर कुठे किंमत दिलेली असेल तर तोही थांबत नाही.

दुसरा घोळ तात्पुरत्या व्हेरिएबलच्या प्रकाराचा. पातळी फूट-इंचांत येते. ३९ फूट ६ इंच तुम्ही ३९.५ असं 'फ्लोट' या दशांश प्रकारात ठेवलंत, पण 'तात्पुरते' मात्र सवयीने 'इंट' लिहिलंत. समजा आकडे ४३.५ आणि ३९.५ आहेत. ४३.५ 'तात्पुरते'मध्ये जाताना ४३ होतो, ३९.५ थेट दुसरीकडून आल्यामुळे शाबूत राहतो. शेवटी इशारा ३९.५ आणि धोका ४३. दोनपैकी एकच आकडा बिघडलेला असल्यामुळे नजरेतून सुटतो. तात्पुरत्या जागेचा प्रकार नेहमी मूळ व्हेरिएबलचाच हवा. सीमध्ये नावं, म्हणजे कॅरॅक्टर ॲरे (अक्षरांच्या रांगा), बदलायची असतील तर '=' चालतच नाही; 'स्ट्रिंग कॉपी'चं फंक्शन तीनदा वापरावं लागतं आणि तिसरा ॲरे दोघांतल्या मोठ्याएवढा लागतो. खुद्द दोन ॲरेही असे हवेत की समोरच्याचा मजकूर शेवटच्या शून्यासकट (मजकूर संपल्याची खूण) त्यांत मावेल.

तिसरा अगदी साधा: शेवटच्या ओळीत हात आपोआप 'धोका = इशारा' टाइप करतो. कंपायलरच्या सगळ्या वॉर्निंग चालू ठेवल्यात तर 'तात्पुरते'मध्ये किंमत ठेवली पण वापरली नाही, असं तो सांगतो. वॉर्निंग वाचायच्या असतात.

आता सरांचा प्रश्न. तिसरं व्हेरिएबल न घेता करायच्या दोन रीती प्रॅक्टिकलच्या ओरलला विचारतात. पहिली बेरीज-वजाबाकीची:

इशारा = इशारा + धोका (८२)
धोका = इशारा - धोका (८२ - ३९ = ४३)
इशारा = इशारा - धोका (८२ - ४३ = ३९)

दोघांची बेरीज एका जागेत साठवली की एकीच्या मदतीने दुसरी काढता येते. तत्त्व तेच आहे, पुसण्याआधी राखून ठेवणं. फक्त राखण्याची जागा वेगळी न घेता बेरजेत लपवली आहे. पण बेरीज मावली पाहिजे. टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये 'इंट' २ बाइटचा, म्हणजे -३२७६८ ते ३२७६७. बंधाऱ्यावरचा विसर्ग समजा २०००० आणि १५००० क्युसेक आहे, तर बेरीज ३५००० त्यात मावत नाही आणि मधला आकडा -३०५३६ दिसतो. पुढच्या वजाबाक्यांतही तसंच उलटं फिरून शेवटचं उत्तर बहुधा बरोबर येतं, आणि त्यामुळेच लोक ही रीत सुरक्षित समजतात. सीच्या नियमांत मात्र चिन्हासह पूर्णांक मर्यादेबाहेर गेला तर काय होईल याची हमी नाही. आजच्या कंपायलरमध्ये 'इंट' सहसा ४ बाइटचा, मर्यादा २१४७४८३६४७. तिच्यापलीकडे गेलात की कंपायलर 'असं होणारच नाही' असं धरून कोड बदलू शकतो. जावामध्ये आकडा फिरून येणं नियमातच आहे, तिथे ही रीत पूर्णांकांना चालते. पायथॉनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादाच नाही.

दशांश संख्यांना ही रीत लावू नका. एकात १ वर १६ शून्यं आणि दुसऱ्यात १ ठेवा, दोन्ही 'डबल', म्हणजे फ्लोटपेक्षा जास्त अंक राखणारा दशांश प्रकार. बेरीज करताना तो १ गळून पडतो, कारण डबलमध्ये साधारण १५ ते १७ अंकच नेमके राहतात. तीन ओळी संपल्यावर एकात मोठी संख्या असते आणि दुसऱ्यात १ ऐवजी ०. गुणाकार-भागाकाराची रीतही काही वह्यांत दिसते. एक किंमत शून्य असली की तिचा निकाल लागतो. तिचं नावही काढू नका.

दुसरी रीत एक्सॉरची (चिन्ह ^), आणि ती बिटांत, म्हणजे ० आणि १ च्या अंकांत, मांडून बघण्यासारखी आहे:

४३ म्हणजे १०१०११
३९ म्हणजे १००१११
एक्सॉर ००११००, म्हणजे १२

जिथे दोन बिट वेगळे, तिथे १. जिथे सारखे, तिथे ०. म्हणजे १२ मध्ये दोघांमधला फरक तेवढा साठला. ३९ ला या १२ शी एक्सॉर केलं की नेमके ते दोन बिट उलटतात आणि ४३ मिळतो. ४३ ला केलं की ३९. म्हणून:

इशारा = इशारा ^ धोका (१२)
धोका = इशारा ^ धोका (४३)
इशारा = इशारा ^ धोका (३९)

इथे मर्यादेबाहेर जायची भीती नाही. पण हे फक्त पूर्णांकांना चालतं, दशांश दिलेत तर सी आणि पायथॉन दोन्ही नकार देतात. काही जण तिन्ही ओळी एकात कोंबून 'अ ^= ब ^= अ ^= ब' असं लिहितात. सीमध्ये एकाच विधानात 'अ' दोनदा बदलतो आणि त्याचा क्रम ठरलेला नाही, त्यामुळे उत्तराची हमी नाही. जावामध्ये क्रम ठरलेला आहे, पण तो असा की 'अ'मध्ये दरवेळी ० येतो.

दोन्ही रीतींचा खरा सापळा वेगळाच आहे. दोन किमती सारख्या असल्या, ३९ आणि ३९, तर काही बिघडत नाही. पण दोन्ही नावं एकाच जागेला चिकटलेली असली तर पहिल्याच एक्सॉरला त्या जागेत ० होतो आणि मूळ आकडा कायमचा जातो. बेरजेच्या रीतीतही शेवटी ०च येतो. 'आपण कशाला कुणाची स्वतःशीच अदलाबदल करू?' असं वाटेल, पण सिलेक्शन सॉर्टमध्ये, म्हणजे उरलेल्यांतला सगळ्यात लहान आकडा शोधून पुढच्या जागी आणत क्रम लावायच्या रीतीत, हे रोज घडतं. गुळाचे भाव चढत्या क्रमाने लावताय, सगळ्यात कमी भाव आधीच पहिल्या जागी आहे, तर प्रोग्रॅम पहिल्या जागेची पहिल्याच जागेशी अदलाबदल करतो. तात्पुरत्या व्हेरिएबलने केलंत तर काही होत नाही. एक्सॉरने केलंत तर यादीत शून्य भावाचा गूळ अवतरतो.

ओरलला एक रीत लिहून दाखवा आणि हा सापळा सांगा, गुण त्यालाच मिळायला हवेत. प्रत्यक्ष कामात मात्र तिसरं व्हेरिएबलच घ्या. 'मेमरी वाचते' हा युक्तिवाद आता पोकळ आहे: कंपायलर 'तात्पुरते' बहुतेक वेळा मेमरीत ठेवतच नाही, प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागेत, रजिस्टरमध्येच, भागवतो. उलट एक्सॉरच्या तिन्ही पायऱ्या एकमेकींवर अवलंबून असल्याने प्रोसेसरला त्या एकामागून एकच कराव्या लागतात.

फंक्शनचं दुखणं आता सहज कळेल. सीमध्ये 'अदलाबदल(इशारा, धोका)' असं बोलावलंत की फंक्शनला ४३ आणि ३९ च्या प्रती मिळतात. आतल्या क्ष आणि य या जागा वेगळ्या आहेत. तुमच्या तीन ओळी त्या प्रतींवर अचूक चालतात, फंक्शन संपतं, प्रती जातात. आत प्रिंट टाकून बघितलंत तर ३९, ४३ दिसेल. बाहेर येऊन बघितलंत तर ४३, ३९. हे दोन प्रिंट टाकून एकदा बघाच.

मूळ जागांना हात घालायचा तर किमतींऐवजी पत्ते पाठवायचे. नावाआधीचं & म्हणजे त्या नावाचा पत्ता, आणि चांदणी (*) म्हणजे त्या पत्त्यावरची जागा. बोलावताना 'अदलाबदल(&इशारा, &धोका)', फंक्शनच्या पहिल्या ओळीत 'इंट *क्ष, इंट *य', आणि आत:

इंट तात्पुरते = *क्ष;
*क्ष = *य;
*य = तात्पुरते;

इथे विद्यार्थी ठरलेल्या जागी अडखळतात. आत चांदणी न लावता 'क्ष = य' लिहिलं तर फक्त आतल्या पत्त्यांची अदलाबदल होते, बाहेरचं तसंच राहतं आणि एररही येत नाही. 'तात्पुरते'लाच पॉइंटर (पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) केलं आणि कुठलाही पत्ता न देता '*तात्पुरते = *क्ष' लिहिलं, तर तो कुठल्यातरी भलत्या जागेत लिहितो; कधी प्रोग्रॅम कोसळतो, कधी चालून जातो, आणि चालून जाणं जास्त वाईट. बोलावताना & विसरलात तर कंपायलर ओरडतो. सी++ मध्ये या साऱ्याऐवजी 'इंट &क्ष' असा रेफरन्स घेता येतो, शिवाय तयार 'स्वॅप' फंक्शन आहेच.

पायथॉन आणि जावात बाहेरच्या व्हेरिएबलचा पत्ता पाठवायची सोय नाही. जावात ॲरे आणि दोन क्रमांक पाठवून ॲरेतल्या जागा बदलतात. पायथॉनमध्ये फंक्शनने 'रिटर्न य, क्ष' करायचं आणि बाहेर 'इशारा, धोका = अदलाबदल(इशारा, धोका)' असं झेलायचं. खरं तर फंक्शनची गरजच नाही:

इशारा, धोका = धोका, इशारा

उजवी बाजू आधी पूर्ण वाचली जाते, दोन्ही जुन्या किमती हाताशी येतात, मगच डावीकडे वाटप सुरू होतं. म्हणजे राखून ठेवायचं काम भाषाच करते. फक्त डावीकडचं वाटप डावीकडून उजवीकडे, एकेक करून होतं, आणि यादीसोबत तिथे फसगत होते. समजा यादी [२, ० , १] आहे आणि क ची किंमत ०. 'क, यादी[क] = यादी[क], क' लिहिलंत. उजवीकडे २ आणि ० मिळाले. डावीकडे आधी क मध्ये २ गेला, आणि मग 'यादी[क]' म्हणजे यादी[२] झाली! शून्य तिथे जाऊन बसला आणि यादी [२, ०, ०] झाली. क्रम बदलून 'यादी[क], क = क, यादी[क]' केलंत की यादी [०, ०, १] आणि क २, हवं तसं.

जावास्क्रिप्टमध्ये २०१५ च्या आवृत्तीपासून चौकटी कंसांत अशीच एका ओळीत अदलाबदल होते. आधीच्या ओळीच्या शेवटी अर्धविराम मात्र विसरू नका, नाहीतर त्या ओळीतल्या शेवटच्या नावालाच तो चौकटी कंस चिकटतो आणि ते ॲरेचा क्रमांक म्हणून वाचलं जातं.

पुढे कधी हे आकडे डेटाबेसमध्ये ठेवलेत तर हाच प्रश्न तिथे भेटेल. 'अपडेट'मध्ये 'सेट इशारा = धोका, धोका = इशारा' असं लिहिलं तर पोस्टग्रेस आणि ओरॅकल ओळीतल्या जुन्या किमती धरून बरोबर अदलाबदल करतात. मायएसक्यूएल एका टेबलच्या अपडेटमध्ये डावीकडून उजवीकडे चालतं आणि दुसऱ्या रकान्यासाठी नुकती बदललेली किंमत वापरतं; दोन्ही रकान्यांत ३९. तुमच्या पहिल्या प्रोग्रॅमचीच चूक, फक्त हजारो नोंदींवर एका दणक्यात, आणि ४३ कुठेच उरत नाही. तिथे आधी जास्तीचा रकाना करून त्यात इशाऱ्याची प्रत घ्या, मग इशाऱ्यात धोका, मग धोक्यात ती प्रत. प्रत घेण्यापासूनची तिन्ही कामं एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये (सगळं मिळून एकच काम) करा, चार-पाच नोंदी डोळ्यांनी तपासा आणि त्यानंतरच कमिट करा, म्हणजे बदल पक्के करा.